मदत हवी आहे: गर्दीच्या ओपीडीत आत्महत्येच्या विचारांबद्दल कसं विचारता?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. "मन उदास आहे" असं सांगत इथे कुणी येत नाही. अंग दुखतं, झोप लागत नाही, छातीत जळजळतं, हेच ऐकू येतं. परदेशी अभ्यासांच्या एका आढाव्यात आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक आधीच्या महिनाभरात प्राथमिक डॉक्टरला भेटून गेलेले आढळले. म्हणजे माणूस आपल्यासमोर बसलेला असतो!

पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलच आहे. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसं येत नाही, त्यामुळे थेट विचारावं असं माझं ठाम मत आहे. पण टेबलाभोवती पेशंटची गर्दी, शेजारी सासू नाहीतर नवरा. अशात बाईशी एकटीशी कसं बोलता? बीपी तपासायच्या निमित्ताने सिस्टरांकडे आत पाठवणं कुणी करून पाहिलंय का?

कीटकनाशक घरात न ठेवता कुलपात ठेवा, असं आशाताई सांगतात. ऐन फवारणीच्या दिवसांत घरचे ते ऐकतात का? काय सांगितलं की पटतं?

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर मी लिहून देतो. पण जिल्हा रुग्णालयात पाठवलेला माणूस तिथे पोचला का, हे कळत नाही. गावात बोभाटा न होता पाठपुरावा कसा ठेवता? पेशंटची ओळख न सांगता अनुभव लिहा, आशाताई आणि सीएचओंनी (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी) तर नक्कीच.