सेंट लुशिया: सूफ्रिएर की रॉडनी बे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो. फेब्रुवारीत सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर जायचं ठरतंय. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम, म्हणून तो टाळला. धावपळ अजिबात नको. बायकोला गेलं वर्षभर नीट सुट्टी मिळालेली नाही, तिला खरी विश्रांती मिळावी एवढीच इच्छा आहे.

अडलंय ते राहण्याच्या जागेवर. सूफ्रिएरला दोन्ही पिटॉन डोंगर समोर, सल्फर स्प्रिंग्जची गरम चिखलाची आंघोळही जवळ. पण पांढरी वाळू आणि चालत जाण्याजोगी हॉटेलं उत्तरेला रॉडनी बेकडे. हेवानोरा विमानतळ तर पार दक्षिणेला, आणि वळणावळणाच्या घाटरस्त्यात बायकोला गाडी लागते. त्यामुळे मुक्काम एकाच ठिकाणी करावा असं मला वाटतं. तुम्ही काय केलंत?

दुसरं, ती शुद्ध शाकाहारी आहे. तिथे नीरफणस, कच्ची केळी, अळूच्या पानांचं कॅलालू सूप मिळतं, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस घालतात म्हणे. आधी सांगितलं तर वेगळं करून देतात का? आणि भारतीय पासपोर्टवर अलीकडे कोणी गेलं असेल तर व्हिसाचा अनुभव जरूर लिहा.