मदत हवी आहे : हातमाग राखीव कायद्यात आमची साडी बसते का?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात वडगावचे, घरात चार पॉवरलूम. मामांचा मात्र अजून हातमाग आहे.

1985 च्या कायद्याने काही कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवलं. आधी 22 वस्तू होत्या, आता 11 उरल्यात. त्यात साडी, धोतर, टॉवेल, लुंगी. पॉवरलूमवाले कोर्टात गेले, पण 1993 साली सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला. म्हणजे मामांना वाचवणारा नियम आमच्याच पोटावर पाय देतो! दिवाळीला विषय निघाला की आई भांडी आपटते.

आता एका व्यापाऱ्याने इरकलसारख्या साडीची ऑर्डर दिलीय. अंग आर्टसिल्कचं (म्हणजे कृत्रिम रेशमाचं), काठ जरीचा. खऱ्या इरकलीत पदराचा ताणा (उभे धागे) अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात, ते आम्ही करत नाही. मामा म्हणतात, "नाव तरी इरकल लावू नकोस." ते पटतं. पण बाजारात छापील इरकल खुशाल विकतात, त्यांना कुणी विचारत नाही.

अशी साडी राखीव यादीत येते का? सूत किती टक्के चालतं? इचलकरंजी-सोलापूरकडचं कुणी तपासणीला सामोरं गेलंय का? नियमाची प्रत मराठीत असेल तर पाठवा, इथे कन्नड-इंग्रजीच मिळते. शनिवारी व्यापाऱ्याला हो-नाही कळवायचंय.