गुदाशयाचा कॅन्सर: रेडिएशन-केमोबरोबर टार्गेटेड इंजेक्शनही घ्यावं का?

डोंबिवलीची_लेक
बाबा ५९ वर्षांचे. गाठ गुदद्वारापासून ५ सेंमी वर, एमआरआयमध्ये टी३ एन१, म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीच्या स्नायूपलीकडे आणि जवळच्या काही लसिका ग्रंथींत गेलेली. लिव्हर, फुप्फुसं स्वच्छ. परळला ठरलंय ते असं: २८ वेळा रेडिएशन, सोबत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग ऑपरेशन. मामा म्हणतात, "नुसत्या गोळ्यांनी काय होणार? सेटुक्सिमॅब लावा, नाहीतर बेव्हासिझुमॅब, ही टार्गेटेड इंजेक्शनं." एका खासगी ठिकाणी विचारलं, तर "देता येईल" म्हणाले आणि आकडा लिहून दिला. तो बघून आई मंगळसूत्र मोडायला निघालीये. खरंच फायदा असतो का?

औषधवाला_परळ
ताई, मी कॅन्सरच्या औषधांच्या दुकानात बसतो, डॉक्टर नाही. पण काकूंना सांगा, मंगळसूत्र गळ्यातच राहू दे.

मामांचा तर्क मलाही पूर्वी पटायचा. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ही दोन्ही औषधं चालतात, मग आधीच का देऊ नयेत? दिली की. २०१२ साली एक्सपर्ट-सी चाचणीचे निकाल आले. केमो आणि केमो-रेडिएशनला सेटुक्सिमॅब जोडलं होतं. गाठीच्या केआरएएस, बीआरएएफ या जनुकांत बदल नसलेल्या रुग्णांमध्ये, म्हणजे जिथे ते चालायला हवं तिथेच, गाठी जास्त आकसल्या, पण पूर्ण नाहीशा होण्याचं प्रमाण वाढलं नाही. एक स्पष्टीकरण असं देतात: कॅपेसिटाबिन आणि रेडिएशन वाढत्या, विभागणाऱ्या पेशींना मारतात आणि सेटुक्सिमॅब त्यांचं विभागणंच मंदावतं. म्हणजे एकाने दार उघडायचं आणि दुसऱ्याने आतून कडी लावायची.

बेव्हासिझुमॅबची भीती वेगळी. ते नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, आणि जखम भरायला त्याच लागतात. म्हणून ऑपरेशनच्या किमान २८ दिवस आधी ते थांबवतात. एवढ्या खाली आतडं जोडायचं असेल, तर टाका गळण्याची धास्ती आधीच असते.

पैसे आणि डोकं लावायचंच तर बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) एमएमआर तपासणी, म्हणजे पेशीतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का याची तपासणी, झालीय का ते विचारा. गुदाशयाच्या साधारण ५ ते १० टक्के गाठींत ही दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेली असते. न्यूयॉर्कमध्ये अशा १२ रुग्णांना नुसतं डोस्टारलिमॅब सहा महिने दिलं, आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. निकाल २०२२ मध्ये आले. ती इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारं औषध, मामांची औषधं नव्हेत. बाकीच्यांसाठी हल्ली टार्गेटेडपेक्षा जास्तीची साधी केमो ऑपरेशनच्या आधीच देण्याकडे कल आहे. ते बाबांना लागू आहे का, हे मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पिशवीवाला_काका
पोरी, मी यातून गेलोय. गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. तळहात-तळपाय लाल होऊन झोंबायला लागले तर लगेच कळवायचं, मर्दुमकी दाखवत बसायचं नाही. मशीनखाली जाताना आमच्याकडे लघवी भरून ठेवायला सांगायचे. कुर्ला ओलांडेपर्यंत पाणी पिऊ नये, हा माझा अनुभव!

स्मिता_ठाणे
माझ्या मावशीला बेव्हासिझुमॅब दिलं होतं आणि चांगलं लागू पडलं. सरसकट नाही कसं म्हणता?

औषधवाला_परळ
मावशींचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेला होता का?

स्मिता_ठाणे
हो.

औषधवाला_परळ
मग बरोबरच दिलं. इथे पसरलेला नाही, ऑपरेशन करून काढायचाय.

डोंबिवलीची_लेक
आज फाइल उलटून बघितली. एमएमआरचा कागद नाहीच. सोमवारी ओपीडीत आधी तेच विचारते. मामांना काय सांगू?

पिशवीवाला_काका
डबा घेऊन यायला सांग. दीडेक महिना जवळजवळ रोज कुणीतरी लागणारच आहे, पुढे ऑपरेशनलाही.