पोळ्यासाठी यांत्रिक बैल: गाडी मधेच रीसेट व्हायलीय, आणि पाय करावेत की चाकं?

वाचनालय_अंबाजोगाई

रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठवी ते दहावीची नऊ लेकरं, आयटीआयची दोन पोरं आणि एक वायरमन काका जमायलेत. यंदा पोळ्याला रेघेवरून चालणारा बैल करायचं ठरलंय. उंची दोन फूट, सनबोर्डचं अंग, वर झूल, बाशिंग, घुंगरमाळ. चालताना मान हलावी आणि पुढं कुणी पूजेचं ताट घेऊन आलं की थांबावा.

सध्याची जोडणी: आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड, क्लोन), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा बोर्ड), चार बीओ मोटर, १८६५० चे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये, रेघ ओळखायला पाच आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर. उनोला ५ व्होल्ट ड्रायव्हरच्याच टर्मिनलवरून दिलेत.

अडचणी:
१. रिकामी गाडी नीट पळते, पण वर वजन ठेवलं की वळताना उनो रीसेट होतो.
२. शहाबादी फरशीवर रेघ सोडून फरशीच्या सांध्यामागं जाते.
३. लेकरं खरे चालणारे पाय मागायलेत, काका म्हणतात चाकंच बरी.

सोल्डर_हिंगोली

पहिल्या अडचणीचं बोलतो. प्रोग्रॅम तपासत बसू नका, ही विजेची अडचण आहे.

दोन सेल भरलेले असताना ८.४ व्होल्ट, मध्यावर ७.४. वळताना मोटरवर जोर येतो आणि बीओ मोटर अडली की एकेक मोटर एक अँपिअरच्या पुढं जाते. तेवढा करंट निघाला की सेल, होल्डरची स्प्रिंग आणि बारीक वायर मिळून व्होल्टेज खाली ओढतात. ड्रायव्हरवरच्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला आत साधारण ७ लागतात. तिथं ६ आले की बाहेर पाच निघत नाहीत आणि उनो झोपतो. खात्री करायची असेल तर मीटरचे टोक उनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडवर ठेवून चाक हातानं धरा. मीटर सावकाश आहे, खरी घसरण त्याला दिसते त्याहून जास्त असते.

दुसरं म्हणजे एल२९८एन जुन्या धाटणीचा आहे, आत साधे ट्रान्झिस्टर आहेत. एक अँपिअरला दोनेक व्होल्ट तो स्वतःच खातो आणि त्याची उष्णता करतो. ७.४ मधून मोटरला उरतात पाच-साडेपाच.

दोन फुटी बैलाला मुळात बीओ मोटर पुरणार नाही. तिचे गिअर प्लास्टिकचे, शाफ्टही प्लास्टिकचा. १२ व्होल्टच्या दोन जॉन्सन गिअर मोटर घ्या, ३० आरपीएमच्या (मिनिटाला ३० फेरे). १० सेंमी व्यासाचं चाक एका फेऱ्यात ३१ सेंमी जातं, म्हणजे सेकंदाला १५-१६ सेंमी. बैलाला हीच चाल शोभते. १०० आरपीएम घेतली तर बैल नाही, उधळलेला खोंड होईल. पुढं एक फिरतं कॅस्टर चाक.

बॅटरी यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच. वजन दोन किलोच्या आसपास आहे, ते तोटा समजू नका. पोटाच्या अगदी बुडाशी ठेवली की बैल डुलत नाही. धन वायरवर, बॅटरीपासून चार बोटांच्या आत, दुचाकीच्या गॅरेजात मिळतो तो ५ अँपिअरचा फ्यूज. ड्रायव्हर बीटीएस७९६०, प्रत्येक मोटरला एक.

उनोसाठी वेगळा एलएम२५९६ बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करून देणारा). उनो जोडण्याआधी मीटर लावून त्याचे ५.० व्होल्ट करून घ्या. त्याचा स्क्रू बहुफेरी असतो, सुरुवातीला पाच-सात फेरे काहीच बदलत नाही आणि पोरं वैतागून उलटं फिरवतात. हे ५ व्होल्ट उनोच्या ५ व्होल्ट पिनला द्या. प्रोग्रॅम टाकताना बॅटरी काढायची, यूएसबी आणि बक दोन्ही एकदम नको. सगळ्यांचं ग्राउंड एक हवं, पण मोटरची काळी वायर उनोवरून फिरवून आणू नका. ती थेट बॅटरीकडं जाऊ द्या. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ असं लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर झाळा.

एक आडवी सूचना: सध्याच्या सेलवर ९९०० एमएएच लिहिलं असेल तर ते सेल फेकून द्या. खरा १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो, किराणा दुकानाच्या काट्यावरही लबाडी कळते.

लेथ_लातूर

पाय की चाकं या भांडणात दोघंही बरोबर आहेत. खरे चालणारे पाय चार असून भागत नाही. एक पाय उचलला की उरलेल्या तिघांच्या आत वजनाचा मध्य राहिला पाहिजे, आणि ते साधायचं तर अंग सारखं सरकवावं लागतं. म्हणून दांड्यांवर चालणारी यंत्रं बहुधा सहा किंवा जास्त पायांची असतात. पोळ्यापर्यंत तो नाद नको.

बैल चालवायचा झुलीखालच्या चाकांनी. पाय फक्त हलवायचे, खुरं जमिनीपासून १ सेंमी वर. पण हलवायचे ते खऱ्या बैलासारखे. बहुतेक जण पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम हलवतात, ती दुडकी चाल झाली. बैल चालताना क्रम असा असतो: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. म्हणजे चार क्रँक (पाय हलवणाऱ्या फिरत्या खुंट्या) एकमेकांपासून ९० अंशांवर. एवढं एक केलं की गावातला म्हातारा शेतकरीसुद्धा थबकून बघतो.

मापं: पाय ३० सेंमी. क्रँकची त्रिज्या ३ सेंमी, तिची दांडी पायाला वरच्या खिळीपासून १२ सेंमीवर जोडा. मग खूर पुढं-मागं मिळून १५ सेंमी हलतं. पाय मागं जाण्याच्या अर्ध्या फेऱ्यात अंग १५ सेंमी पुढं गेलं पाहिजे, नाहीतर बैल बर्फावर घसरल्यासारखा दिसतो. पूर्ण फेऱ्याला होतात ३० सेंमी, आणि वरचं १० सेंमीचं चाक ३१ जातं. हिशेब आपोआप जुळला! मात्र पाय चाकांच्या आसाला जोडू नका. वळताना डावी-उजवी चाकं कमी-जास्त फिरतात आणि क्रम बिघडतो. तिसरी ३० आरपीएमची मोटर पायांसाठीच ठेवा, फिरतीला एम८ चा आटे असलेला रॉड आणि ६०८ बेअरिंग. बेअरिंगचं भोक ८ मिमी, बाहेरून २२, प्लायला २२ मिमीच्या बिटानं भोक पाडलं की ठोकून बसतं. क्रँकच्या दांड्यांना सायकलच्या चाकाच्या तारा चालतात.

मानेसाठी एमजी९९५ सर्व्हो (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी मोटर). डोकं, शिंगं, बाशिंग सगळं लावून झाल्यावर मानेच्या मागच्या टोकाला नटबोल्टांची पिशवी बांधून तोल साधा. बोटानं ढकलल्यावर मान आहे तिथं थांबली पाहिजे. तोल न साधता सर्व्होवर भार टाकला तर तो थरथरत राहतो आणि तासाभरात गिअर खातो. त्याला ५ व्होल्ट वेगळ्या बकवरून द्या.

थ्रीडी प्रिंटचे भाग पीएलए प्लास्टिकचे असतील तर ते पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. ६० अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं आणि आपल्याकडं उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ते दूर नाही. ग्लूगनचा डिंकही तसाच सुटतो. भार येणाऱ्या जागी बोल्टच.

वाचनालय_अंबाजोगाई

काका खूश, लेकरंही खूश. पायांचा क्रम पोरींनी वहीत काढला आणि आता रस्त्यावरचा प्रत्येक बैल मोजायल्यात. फरशीचं काय करावं? आणि ताट आल्यावर थांबायचं?

सेन्सर_नांदेड

शहाबादी फरशीवर रेघ मारूच नका. फरशी मुळातच गडद, सांधे त्याहून गडद. फ्लेक्सवाल्याकडून वाया गेलेला फ्लेक्स आणा, त्याची पांढरी बाजू वर, शक्यतो चकाकी नसलेली. त्यावर काळी इन्सुलेशन टेप. मार्करनं रेघ ओढू नका. काही मार्करची शाई डोळ्याला काळी दिसते पण इन्फ्रारेडला पांढरी, आणि मग दिवसभर सेन्सर बदलत बसतात लोक.

टेप साधारण १८ मिमी रुंद असते. सेन्सर एकमेकांपासून १० ते १२ मिमीवर लावा म्हणजे रेघ नेहमी एक-दोन सेन्सरखाली राहते. आयआर सेन्सर (टीसीआरटी५०००) फ्लेक्सपासून ३ ते ५ मिमी उंच हवा. बैलाच्या पोटाला नाही, कॅस्टरजवळ वेगळ्या पट्टीवर बसवा. मॉड्यूलची डिजिटल नव्हे, अॅनालॉग पिन ए० ते ए४ ला जोडा. देवळासमोर ऊन असेल तर सेन्सर आंधळे होतात, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची झालर भोवती लावा. एलईडी पेटतोय का हे मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतं.

बैलाला रेघेवर ठेवणाऱ्या पीआयडी हिशेबात पी, आय, डी असे तीन आकडे असतात, त्यातला आय शून्य ठेवा, या वेगाला लागत नाही. पी वाढवत न्या, बैल रेघेवर नागमोडी झाला की निम्म्यावर आणा, मग डी थोडा थोडा.

थांबण्यासाठी एचसी-एसआर०४ (आवाजाच्या प्रतिध्वनीनं अंतर मोजणारा सेन्सर), पण तो झुलीखाली झाकू नका, कापड आवाज खातं. सेन्सरचे दोन्ही डोळे बैलाच्या डोळ्यांच्या जागी बसवायचा मोह होईल, तोही टाळा. डोकं हलतं म्हणून अंतरही हलतं. छातीवर, घुंगरमाळेच्या वर बसवा. लुगड्या-धोतराच्या घोळावरून प्रतिध्वनी नीट परतत नाही, ताट सेन्सरच्या उंचीला उभं धरलं तर लगेच परततो. प्रतिध्वनी परतायला लागलेल्या मायक्रोसेकंदांना ५८ नं भागलं की सेंटिमीटर. तो वेळ मोजणाऱ्या पल्सइन आज्ञेला वेळमर्यादा न दिल्यास समोर काही नसताना तो एक सेकंदापर्यंत अडकून राहू शकतो आणि तेवढ्यात बैल रेघ सोडतो. मर्यादा ६००० मायक्रोसेकंद द्या, शून्य आलं तर "समोर कुणी नाही" समजा, दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंद अंतर ठेवा. सलग तीन वेळा ४० सेंमीच्या आत आलं तरच थांबवा.

आणि हे विसरू नका: सर्व्होची लायब्ररी वापरली की उनोच्या ९ आणि १० पिनवरचं वेगनियंत्रण बंद पडतं. चाकांचं वेगनियंत्रण (पीडब्ल्यूएम) ३, ५, ६, ११ वर घ्या.

पेटी_पैठण

बारा जणांत एकच बैल म्हणजे दोघं काम करणार, दहा बघणार. चार तुकड्या करा: चाल, पाय, मान, रेघ. प्रत्येकीचा भाग वेगळ्या प्लायवर उभा राहून एकटा चालला पाहिजे, मगच अंगात जाईल. एक जोडणार, दुसरा वायरिंगची चिठ्ठी वाचणार, तिसरा मीटर धरणार, दर रविवारी अदलाबदल. वायरचा रंग सगळ्यांचा एकच: लाल धन, काळी ऋण, पिवळी सिग्नल. बॅटरीचा कनेक्टर उलटा बसूच नये असा घ्या.

जळालेले भाग फेकू नका. काचेच्या बरणीत घाला, प्रत्येकावर कारणाची चिठ्ठी: "धन-ऋण उलटं", "बक न मोजता जोडला". नवीन लेकरू आलं की आधी ती बरणी वाचतं.

आसपासच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर मुख्याध्यापकांना पत्र द्या. लॅब सहावी ते बारावीसाठी असते, सोल्डरिंगची टेबलं आणि बहुधा थ्रीडी प्रिंटरही मिळतो.

अंग बोल्टवर ठेवा, चिकटवू नका. पोळ्यानंतर चार-पाच दिवसांत गणपती. पायांचा रॉड आणि मानेचा सर्व्हो तसाच काढून हलत्या देखाव्यात बसतो, फक्त तिथं तो दहा दिवस रोज चार-पाच तास चालणार, तेव्हा बॅटरीऐवजी १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा पुरवठा) लावा आणि ६०८ बेअरिंगमध्ये धूळ जाऊ नये म्हणून रबरी झाकणाचीच घ्या.