स्टेशन वेळेआधीच निघून जातंय, गणित कुठे चुकतंय?

गच्चीवाला_इंदूर: अंतराळ स्थानक इंदूरवरून कधी जाणार, ते काढणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय. आधी सेकंदांचा फरक होता, काल सहा मिनिटांचा. सोसायटीतली पोरं गच्चीवर जमवली आणि हे केव्हाच निघून गेलेलं! शनिवारी पुन्हा बोलावलंय. लवकर सांगा.

पोहेजिलेबी: वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहे का? माझे साडेपाच तास मिळवायचे राहिले होते.

गच्चीवाला_इंदूर: मग चूक साडेपाच तासांची आली असती ना भिया.

बडोदेकर: एवढी डोकेफोड कशाला? फोनवर ॲप टाका, वेळ झाली की वाजतं.

रात्रपाळी: ॲपच हवं असतं तर धागा कशाला काढला असता. टीएलई, म्हणजे स्टेशनच्या कक्षेचे दोन ओळींतले आकडे, कधीचा आहे? दहा दिवसांपूर्वी किती चुकत होतं?

गच्चीवाला_इंदूर: प्रोग्राम लिहिला तेव्हाचाच, वीसेक दिवस झाले. दहा दिवसांपूर्वी दीड मिनिट चुकत होतं. पृथ्वीचा फुगवटा धरलाय हं, त्याने कक्षा रोज ५ अंश पश्चिमेला सरकते तेही घातलंय.

रात्रपाळी: दिवस दुप्पट, चूक चौपट. म्हणजे हवा! ४०० किमीवरही विरळ हवा आहे, स्टेशन रोज थोडं खाली येतं आणि फेरी लवकर संपते. १ किमी खाली आलं की दर फेरीला सव्वा सेकंद लवकर, दिवसाला साडेपंधरा फेऱ्या. करा बेरीज. टीएलईच्या पहिल्या ओळीतला बीस्टार, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा आकडा, तुम्ही वाचतच नसणार. एसजीपी४ वापरा, टीएलईवरून जागा काढायचं ते ठरलेलं गणित, त्यात हा अडथळा धरलेला असतो.

उज्जैनकर: उज्जैनची वेधशाळा पाहिलीत का? सवाई जयसिंगांनी बांधलेली. इंदुराहून तासाभरात पोचाल.

जुनाखगोली: एसजीपी४ घेतलं तरी वीस दिवसांचा टीएलई शिळाच. मध्येच इंजिन पेटवून कक्षा उंचावतात, मग स्टेशन उलट उशिरा येतं.

रात्रपाळी: शिळा वापरा असं मी कुठे म्हटलं?

जुनाखगोली: ताजा घ्या असंही नाही म्हटलंत.

पोहेजिलेबी: शनिवारची वेळ रात्री बाराची तर नाही ना? आपल्याकडे अंधार आणि स्टेशनवर ऊन, असं असेल तरच दिसतं. म्हणजे सूर्यास्तानंतर किंवा पहाटे.

नवशिका: माझ्याकडे साधी दुर्बीण आहे, त्यातून दिसेल का?

गच्चीवाला_इंदूर: ताजा टीएलई उतरवला, एसजीपी४ लावलं. आज पहाटे राजेंद्रनगरातून पाहिलं, पाच सेकंदांच्या आत! शनिवारची वेळ संध्याकाळचीच आहे. @नवशिका, दुर्बीण कशाला, नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

बडोदेकर: आज पहाटे माझं ॲपही वाजलं.