एएनएम झाल्यावर पुढं काय? बाळंतपणाच्या कामातल्या सिस्टरांनी इथं लिहा

माझ्या भाचीचं एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स) नुकतंच झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही आली. तिला बाळंतपणाच्याच कामात राहायचंय. धंतोलीतलं नर्सिंग होम धरावं, झेडपीच्या (जिल्हा परिषदेच्या) भरतीच्या जाहिरातीची वाट पाहावी की पुढं शिकावं? नागपूर आणि आसपासच्या ताईंनी आपापला अनुभव सांगावा.

नाईटवाली

मॅटर्निटी होममध्ये आहे. अजून तिथंच आहे म्हणून नाव सांगत नाही. रात्री मी आणि एक मावशी, डॉक्टर वरच्या मजल्यावर. कळा मोजणं, ठोके ऐकणं, पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढं सरकतेय त्याचा तक्ता) भरणं माझ्याकडे. बाळ झालं की पोटात दुसरं नाही ना हे चाचपून एका मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, १० युनिट मांडीत. मग कळ आली की एका हातानं गर्भाशय वर धरायचं, दुसऱ्यानं नाळेला अलगद ताण द्यायचा. वार (प्लासेंटा) आली की ती पूर्ण आहे का पाहायचं, आणि पोटावरून गर्भाशय क्रिकेटच्या चेंडूसारखं घट्ट लागेपर्यंत हात काढायचा नाही. हात इथंच बसला, यात वाद नाही. पण पगाराच्या वहीत मी आणि नोंदणी नसलेली पोरगी एकाच ओळीत! भाचीला सांगा, नेमणुकीचं पत्र पहिल्या दिवशी माग. आमच्याकडे सोडून जाणाऱ्यांना अनुभवाच्या दाखल्यासाठी चकरा माराव्या लागतात.

रामटेककडची ताई

काहून घाबरता बाप्पा, उपकेंद्राचं काम चांगलं आहे! मी एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) करारावर आहो. सपाटीवर ५,०००, आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागं एक उपकेंद्र, हे कागदावर. गरोदर बाईची नोंद, बीपी, हिमोग्लोबिन, लोहाच्या १८० गोळ्या, लसीकरण, आशाताईसंग घरभेटी. २१ दिवसांचं एसबीए (कुशल प्रसूती सेविका) ट्रेनिंग मिळालं तर सोडू नका. बाळंतपणं मात्र आता उपकेंद्रात कमीच, १०२ ॲम्ब्युलन्स बोलावली की बाई थेट पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नाहीतर नागपूरच्या डागा स्त्री रुग्णालयात. रजिस्टर आणि पोर्टल दोन्ही भरता भरता जीव जाते. कायम झाल्यावर पुढं एलएचव्हीची (एएनएमच्या वरच्या आरोग्य पर्यवेक्षिकेची) बढती आहे, पण ते ज्येष्ठतेनं. करारावाल्यांनी त्या भरवशावर राहू नये.

उशिरा शिकलेली

मी एएनएमनंतर जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरीचा डिप्लोमा) केलं, तीन वर्षांचं. मुलगा तेव्हा शाळेत होता. वय उलटलं म्हणून बऱ्याच जणी अर्जच भरत नाहीत. अहो, ३५ ची अट बाकीच्यांना, नोंदणी असलेल्या एएनएमला इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात वयाची आडकाठी नाही. बारावीला सायन्स नव्हतं तरी चालतं. तीन वर्षं पगार नाही, हा खरा अडसर. सासरच्यांनी मुलाला सांभाळलं म्हणून जमलं, नाहीतर कठीण होतं. जीएनएम झालं की स्टाफ नर्सच्या जाहिराती उघडतात, दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. बाळंतपणातच राहायचं असेल तर २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतला नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी (बाळंतपणातली तज्ज्ञ नर्स) हा १८ महिन्यांचा कोर्स लक्षात ठेवा. त्यालाही जीएनएम किंवा बीएस्सी लागतं, एएनएमवरून थेट नाही.

मालिश करत नाही

मी घरी जाऊन ओल्या बाळंतिणीची आणि बाळाची काळजी घेते. पैसे रोजचे, बरे मिळतात. बहुतेक घरी मला मालिशवालीच समजतात, म्हणून हे नाव घेतलं. खरं काम बाळाला छातीला नीट लावून देणं, टाके पाहणं, कावीळ वाढतेय का बघणं. शेगडी आणि धुरीवरून आज्यांशी रोज जुंपते. बाळाच्या खोलीत धूर नको म्हटलं की, "आमची पोरं कशी वाढली मग?" पीएफ नाही, रजा नाही.

रामदासपेठ

मी सोनोग्राफी आणि वंध्यत्वाच्या सेंटरला आहे. पीसीपीएनडीटीचे (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचे) एफ फॉर्म भरणं, इंजेक्शनं, जोडप्यांना तारखा समजावणं. नाईट नाही, रविवार सुट्टी. प्रसूती मात्र दिसत नाही, त्यामुळं नव्या मुलीनं आधी लेबर रूम करून मगच इकडं यावं असं माझं मत. उशिरा शिकलेल्या ताई, जीएनएमला हॉस्टेलची सक्ती होती का?

उशिरा शिकलेली

आमच्या कॉलेजात होती. प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, प्रवेशाआधी विचारून घ्या.