कूलर हवेत – कोजागिरीनंतरचा आठवडा (कोलोरॅडो)

संजय:
नमस्कार मंडळी, मंडळाच्या भांडारातले दोन पांढरे 120 क्वार्टचे कूलर हवे आहेत. आम्ही चौघं एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला चाललोय हे ठाऊक आहेच. आउटफिटर (शिकारीची सोय करणारा) डोंगरातून कॅम्पपर्यंत मांस घोड्यांवरून आणून देणार, पुढे डॅलसपर्यंत आपलं आपण. टॅग (एका जनावराच्या शिकारीची परवानगी-चिठ्ठी) दोन आहेत, एक नराचा, एक मादीचा. किल्ली कुणाकडे?

शमा (भांडार):
किल्ली माझ्याकडे आहे. त्या कूलरमध्ये गणपतीत श्रीखंड असतं आणि कोजागिरीला मसाला दूध. मांस नाही. पिकनिकच्या कोळंबीनंतर कमिटीत हे ठरलंय, मिनिट्समध्ये आहे.

विनायककाका:
मिनिट्स राहू द्या, मुळात दोन कूलर पुरणार नाहीत. मोठ्या नराचं हाडं काढून 90 किलोच्या आसपास मांस निघतं, मादीचं 60-70. 120 क्वार्ट म्हणजे 113 लिटर. बर्फ धरून त्यात 60 किलोच्या वर कोंबू नये. म्हणजे तीन हवेत. हाडासकट आणायचं म्हणाल तर नराची मागची तंगडी एकटीच 30 किलोच्या घरात जाते आणि कशीही ठेवली तरी झाकण बसत नाही.

दुसरं, गरम मांस थेट कूलरमध्ये घालू नका. बंद डब्यात ऊब कोंडते. एल्कचं कातडं जाड, वर हिवाळी केस. बाहेर भुरभुर बर्फ पडत असलं तरी मांडीच्या सांध्यापाशी आत गरमच असतं आणि मांस तिथूनच, हाडाला लागून, आंबायला लागतं. वरून लालबुंद दिसतं. सुरी हाडापर्यंत गेली की हिरवट पट्टा आणि वास. म्हणून जनावर पडलं की त्याला टॅग लावायचा आणि लगेच कातडं उतरवायला घ्यायचं. पोट फाडायची गरज नाही. पाठीच्या कण्यावरून चीर द्या, एक बाजू सोला. पुढच्या पायाला धडाशी हाडाचा सांधा नसतो, नुसती सुरी फिरवली की सुटतो. मग मागची तंगडी, पाठीची लांब पट्टी, मानेचं मांस. कण्याखालची मऊ पट्टी शेवटच्या बरगडीमागून हात घालून निघते. उलटवून दुसरी बाजू. सगळं सुती पिशव्यांत, सावलीत, वारा लागेल असं रात्रभर टांगा. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, घाम धरतात.

मंदार:
काका, हाडं काढा पण एक लक्षात ठेवा. कोलोरॅडोत नर की मादी हे ओळखू येईल असा अवयव मांसाला निसर्गतः जोडलेलाच राहायला हवा. सुटा पिशवीत टाकून चालत नाही. एका तंगडीच्या मोठ्या तुकड्याला तो ठेवा, तेवढा तुकडा घरी साफ करा.

डॉ. मृणाल:
आणि तो हरणांचा मेंदूचा रोग? सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज)? तो शिजवूनही जात नाही. त्याच कूलरमध्ये मग श्रीखंड?

मंदार:
हा रोग करणारं बिघडलेलं प्रथिन, म्हणजे प्रायॉन, मुख्यतः मेंदू, कणा आणि लसीका ग्रंथींत साठतो. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा) सल्ला असा की बाधित भागातलं जनावर तपासून घ्या आणि पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या वन्यजीव विभागाकडे मुंडकं नेऊन दिलं की तपासणी होते. निकाल येईपर्यंत दोन जनावरांचं मांस वेगळं बांधून नावं घाला. टेक्सासात सबंध धड तसंही आणता येत नाही. शिंगं हवी असतील तर कवटीचा तुकडा मेंदूचा कण न ठेवता साफ करून.

शमा:
म्हणजे माझंच बरोबर. रक्त झाकणाच्या रबरात आणि बुचाच्या आट्यांत बसतं, ब्लीचनं वास जातो, डाग राहतो. तुमचे तुम्ही विकत घ्या.

संजय:
घेतो, तीन. बर्फ किती लागेल?

विनायककाका:
सुटा बर्फ नको, वितळून मांस पाण्यात पडतं आणि पांढुरकं होतं. 2 लिटरच्या बाटल्या गोठवून न्या. मांस आधीच गोठवलेलं असेल तर सुका बर्फ, कूलरमागे दिवसाला 4-5 किलो. तो वर ठेवा, गार हवा खाली उतरते. बूच सैल आणि गाडीची काच थोडी उघडी. सुक्या बर्फातून निघणारा कार्बन डायऑक्साइड गाडीत साठला की ड्रायव्हरला पेंग येते. नुसत्या हातांनी उचलू नका.

निखिल:
विषयांतर. मी एच-वन (तात्पुरत्या नोकरीच्या) व्हिसावर आहे. रविवारी संजयदादाच्या रायफलनं नेमबाजीच्या रेंजवर सराव केला तर चालेल ना? शिकारीचा परवाना अजून घ्यायचाय.

मंदार:
नाही! तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, रेंजवर उसनी घेतलेली असली तरी. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट आहे. म्हणून आधी परवाना, मग रेंज. ग्रीनकार्डवाल्यांना हा प्रश्न नाही. हंटर एज्युकेशनचं (शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं) कार्डही बघ. टेक्सासात 2 सप्टेंबर 1971 च्या आधी जन्मलेल्यांना ते लागत नाही, कोलोरॅडोत 1 जानेवारी 1949 पासूनच्या सगळ्यांना लागतं. काका, हे तुम्हालाही लागू.

विनायककाका:
माझं कार्ड आहे. संजयचं आहे का विचारा.

संजय:
आहे. शमाताई, निदान हायवे सफाईची नारिंगी जाकिटं तरी द्याल?

शमा:
ती देते. चार आहेत, धुऊन परत करा.

मंदार:
ती जाळीची आहेत. चालतात, पण कोलोरॅडोचा वन्यजीव विभागच नको म्हणतो. कमरेच्या वर 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी हवं. जाळीत आणि करड्या पट्ट्यांत ते भरायचं नाही. कॅमो नक्षीचं नारिंगी मोजत नाहीत. डोक्यावरही सगळ्या बाजूंनी दिसेल अशी त्याच रंगाची टोपी. चौघांना चार टोप्या आणि सलग कापडाची जाकिटं घ्या.